सफिशियंट म्हणजे नेमकं किती?

मावशीचा फोन आला तेव्हा ती चांगलीच वैतागली होती. "अरे, खात्यात पैसे आहेत, मी डोळ्यांनी बघतेय, आणि हा मोबाइल म्हणतो इन्सफिशियंट बॅलन्स. पैसे नाहीत असं कसं म्हणतो हा?"

मोबाइल तसं म्हणतच नव्हता. आत्ता जेवढे द्यायचेत तेवढे खात्यात नाहीत, एवढंच त्याचं म्हणणं होतं. मावशीने 'इन्सफिशियंट'चा अर्थ 'नाहीत' असा घेतला. असा घेणारी ती एकटी नाही. 'पुराव्याअभावी सुटका' हा बातमीचा ठरलेला मथळा घ्या. त्याच्यामागे पुष्कळदा 'इन्सफिशियंट एव्हिडन्स' हे इंग्रजी शब्द असतात. अभाव म्हणजे मुळातच नसणं आणि इन्सफिशियंट म्हणजे कमी पडणं. एवढ्याशा फरकावरून घरात, चहाच्या टेबलावर आणि समाजमाध्यमांवर केवढे वाद पेटतात!

'सफिशियंट म्हणजे पुरेसा' हे आपण शाळेत पाठ केलं. अर्थ बरोबर आहे. पण 'पुरेसा' तरी कशाला म्हणायचं, हे तेव्हा कुणी विचारलं नाही.

दोर आणि विहीर

समजा तुमच्याकडे वीस हात लांब दोर आहे. तो लांब आहे का, यावर काहीतरी मत देता येईल. तो सफिशियंट आहे का, यावर मात्र काहीच बोलता येणार नाही, कारण विहीर किती खोल ते अजून कळलेलं नाही. पाणी पंधरा हातांवर असेल तर दोर सफिशियंट. पंचवीस हातांवर असेल तर तोच दोर इन्सफिशियंट. दोर एक बोटभरही बदललेला नाही.

म्हणजे हा शब्द दोराचं वर्णन करतो असं वाटतं, पण खरं तर तो दोर आणि विहीर यांच्यातलं नातं सांगतो. म्हणूनच इंग्रजीत त्याच्यापाठोपाठ 'फॉर' किंवा 'टु' येतं: कशासाठी पुरेसं, काय करायला पुरेसं. हे शेपूट दिसलं नाही तर ते गृहीत धरलेलं असतं, नाहीतर कुणीतरी सोयीने लपवलेलं असतं. 'आमच्याकडे सफिशियंट मनुष्यबळ आहे' असं एखादा अधिकारी सांगतो तेव्हा विहिरीची खोली विचारायला हरकत नसावी.

आणखी एक गोष्ट. पाणी पंधरा हातांवर असेल तर पंधरा हातांचा दोर सफिशियंट, वीसचाही आणि पन्नासचाही. रेषेला टेकलं की झालं. किती वर गेलं, याची हा शब्द चौकशी करत नाही. त्यामुळे त्याचा अर्थ 'भरपूर' असा करणं चूक आणि 'जेमतेम' असा करणंही चूक. पन्नास हातांच्या दोराला 'मोअर दॅन सफिशियंट' म्हणतात. आपण म्हणतो, पुरून उरेल.

मराठीत या नात्यासाठी चक्क एक प्रत्यय आहे: '-पुरता'. कामापुरता, तोंडापुरता, नावापुरता. गंमत अशी की आपला प्रत्यय सफिशियंटपेक्षा जरा खवचट आहे. 'कामापुरता मामा' यात मामा कामाला पुरतो हे आहेच, पण काम झालं की मामा संपला, हेही आहे. 'तेवढ्यापुरतंच, पुढे नाही' ही वरची मर्यादा सफिशियंटमध्ये नाही.

घराण्याची ओळख

सफिशियंटचं मूळ लॅटिन. 'सब' म्हणजे खाली आणि 'फाचेरे' म्हणजे करणं, ठेवणं. खाली आधार लावणं, त्यावरून पुरवणं आणि त्यावरून पुरेसं असणं, असा अर्थ सरकत गेला. याच 'फाचेरे'पासून एफिशियंट, प्रोफिशियंट आणि डेफिशियंट ही भावंडं निघाली. एफिशियंट म्हणजे कमी खर्चात काम उरकणारा, प्रोफिशियंट म्हणजे तरबेज, डेफिशियंट म्हणजे उणा. अर्थसंकल्पाच्या बातम्यांमधलं 'डेफिसिट' हे मूळचं लॅटिन क्रियापद, अर्थ 'कमी पडतं'. चेहरे सारखे असल्यामुळे मुलाखतीत 'आय अ‍ॅम सफिशियंट इन इंग्लिश' असं निघून जातं. तिथे प्रोफिशियंट हवं असतं.

हा शब्द फ्रेंचमार्गे चौदाव्या शतकात इंग्रजीत आला. तोवर इंग्रजीचं याविना काही अडत नव्हतं, कारण 'इनफ' हा घरचा शब्द होता. तो जर्मन 'गेनूग'चा भाऊ. पण १०६६ मध्ये फ्रान्सच्या उत्तरेकडून आलेल्या नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, दरबार आणि न्यायालयं फ्रेंच बोलू लागली आणि एकाच गोष्टीसाठी दोन शब्द असण्याची सवय इंग्रजीला लागली: एक स्वयंपाकघरातला, एक कचेरीतला. आपल्याकडे 'पुरेसा' आणि 'पर्याप्त' असतात तसंच. पर्याप्त पाणी कुणी मागत नाही, ते अहवालातच साठलेलं असतं.

लॅटिनमध्ये 'पुरेसं' यासाठी आणखी एक शब्द होता, 'सॅटिस'. सॅटिसफाय त्यातूनच आला. 'अ‍ॅसेट' हा शब्दसुद्धा शेवटी तिथेच पोचतो. जुन्या कायदेशीर फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ 'पुरेसं' असा होता, म्हणजे मेलेल्या माणसाची देणी फेडायला पुरेल एवढी मालमत्ता. इंग्रजी 'सॅड' हा 'सॅटिस'चा दूरचा नातेवाईक. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ होता तृप्त, पोट भरलेला. मग भरून जड झालेला, मग कंटाळलेला, आणि होता होता दुःखी. तृप्तीपासून दुःखापर्यंत एवढा लांबचा प्रवास केलेला दुसरा शब्द मला चटकन आठवत नाही.

इनफ असताना सफिशियंट कशाला?

पुष्कळदा खरंच गरज नसते. 'इनफ टाइम' आणि 'सफिशियंट टाइम' यांत अर्थाचा फरक नाही, फक्त दुसऱ्याने कोट घातलाय. बोलताना इनफ, अर्जात सफिशियंट, एवढं धरलं तरी चालतं. पण दोघं सगळीकडे एकमेकांच्या जागी बसत नाहीत.

इनफ विशेषणानंतर येतो: 'गुड इनफ', 'बिग इनफ'. सफिशियंटला तिथे जागा नाही, 'गुड सफिशियंट' होत नाही. तो 'सफिशियंटली' होऊन आधी येतो: 'सफिशियंटली बिग'. उलट 'अ सफिशियंट रीझन' म्हणता येतं, 'अ‍ॅन इनफ रीझन' नाही. एकवचनी, मोजता येणाऱ्या नामाआधी इनफला असं उभं राहता येत नाही. कारण, अट, पुरावा, निमित्त यांच्याबरोबर सफिशियंट जास्त दिसतो तो काही अंशी यामुळेच.

मोठा फरक मात्र सुरातला आहे. इनफ ओरडून सांगता येतो. 'इनफ!' म्हणजे 'पुरे!', 'बस्स!', थांब आता. 'सफिशियंट!' असं ओरडलात तर समोरचा घाबरण्याऐवजी हसेल. मराठीतही 'पुरे' आणि 'पुरेसं' एकाच 'पुरणे' या क्रियापदापासून निघून असेच वेगळ्या वाटांना गेले. एक हात वर करतो, दुसरा नुसता हिशेब मांडतो. (हे 'पुरणे' स्वतः कमी खट्याळ नाही. 'त्याचे पैसे पुरले' आणि 'त्याने पैसे पुरले' यांत एका प्रत्ययाने माणूस एक तर निर्धास्त होतो, नाहीतर फावडं घेऊन रात्री बाहेर पडतो.)

'अ‍ॅडिक्वेट' या शेजाऱ्याबद्दल एकच इशारा: कुणाच्या कामाला अ‍ॅडिक्वेट म्हटलंत तर ते कौतुक समजलं जाणार नाही. आपल्या 'बेताचं आहे'सारखा तो कानाला लागतो. आणि 'सफाइस इट टु से' असं वाचनात आलं तर गोंधळू नका, 'एवढं सांगितलं तरी पुरे' या अर्थाचा तो जुना साचा आहे.

इन्सफिशियंट म्हणजे शून्य नव्हे

पुन्हा त्या मथळ्याकडे येऊ. इंग्रजी परंपरेतल्या फौजदारी न्यायालयात गुन्हा 'वाजवी शंकेपलीकडे' सिद्ध व्हावा लागतो. ही फार खोल विहीर आहे. दिवाणी दाव्यात मात्र एक बाजू दुसरीपेक्षा जास्त संभवनीय वाटली तरी चालतं. तिथली विहीर उथळ. त्यामुळे तोच पुरावा एका न्यायालयात इन्सफिशियंट आणि दुसऱ्यात सफिशियंट ठरू शकतो, आणि यात कुणी कुणाला फसवलेलं नसतं. सुटलेल्या माणसाविरुद्ध 'काहीच पुरावा नव्हता' असं म्हणणं जितकं घाईचं, तितकंच 'पुरावा होता, पण न्यायालयाने डोळे मिटले' हेही. निकाल एवढंच सांगतो की दोर पाण्यापर्यंत पोचला नाही. आणि कायद्याने तेवढ्यावर माणूस निर्दोषच धरला जातो, हेही विसरायला नको.

वैद्यकीय संशोधनातलं 'इन्सफिशियंट एव्हिडन्स' असंच वाचावं लागतं. एखाद्या उपचाराबद्दल असं लिहिलं असेल तर उपचार निरुपयोगी ठरलाय असा त्याचा अर्थ नाही, आणि उपयोगी आहे असाही नाही. ठामपणे काही म्हणण्याइतकी माहिती अजून हाताशी नाही, बस. जाहिरातदार आणि विरोधक दोघंही हे वाक्य आपापल्या बाजूला ओढतात.

हृदयाच्या तपासणीच्या अहवालात 'मायट्रल इन्सफिशियन्सी' वाचून अनेकांच्या पोटात गोळा येतो. मायट्रल ही हृदयातली एक झडप. ती पूर्ण मिटत नाही आणि थोडं रक्त उलटं जातं, असा याचा अर्थ. झडपेचं मिटणं कमी पडतंय. सौम्य प्रमाणात हे निरोगी माणसांतही आढळतं. म्हणून खरा प्रश्न असतो तो सौम्य की तीव्र, आणि तो डॉक्टरांनाच विचारायचा. शब्दावरून मनाशी निदान करण्यात अर्थ नाही.

प्रयोगशाळेतून कधी 'क्यूएनएस' असा शेरा येतो: क्वांटिटी नॉट सफिशियंट. नमुना घेतला, पण सांगितलेल्या चाचणीला तो अपुरा पडला. त्यात रोगाबद्दल काहीच म्हटलेलं नसतं.

पुरेशी अट आणि आवश्यक अट

गणितात आणि तर्कशास्त्रात सफिशियंटची जोडी 'नेसेसरी'शी लावतात. मराठीत त्यांना पुरेशी अट आणि आवश्यक अट म्हणता येईल. दोघींची अदलाबदल हा विद्यार्थ्यांचा आणि तितकाच संपादकीय लिहिणाऱ्यांचा आवडता घोटाळा.

पाऊस पडला की अंगण ओलं होतं. अंगण ओलं व्हायला पाऊस पुरेसा आहे. पण आवश्यक नाही, कुणी नळी सोडली तरी ते ओलं होईल. म्हणून ओलं अंगण पाहून 'पाऊस पडला' असं छातीठोक म्हणता येत नाही. आता उलटं बघा. आग लागायला प्राणवायू आवश्यक आहे, पण पुरेसा नाही, नाहीतर श्वास घेणारं सगळं जग पेटलं असतं. संख्यांचंही तसंच. १० ने भाग जाणं हे संख्या सम असायला पुरेसं, पण आवश्यक नाही: ४ सम आहे आणि तिला १० ने भाग जात नाही. २ ने निःशेष भाग जाणं मात्र पुरेसंही आणि आवश्यकही.

रोजच्या बातम्यांत याचा फटका कुठे बसतो? 'व्यायाम पुरेसा नाही' हे वाक्य लोक 'व्यायामाचा उपयोग नाही' असं वाचतात. 'फक्त पासवर्ड सफिशियंट नाही' असं ऐकून पासवर्डकडेच दुर्लक्ष करतात. पुरेसं नसलेलं पुष्कळ काही आवश्यक असतं. एकट्याने भागत नाही, पण त्याच्यावाचूनही भागत नाही, अशी माणसं आपल्या प्रत्येकाच्या घरात असतात.

औषधाच्या वेष्टनावरचं 'क्यू. एस.'

गोळ्यांच्या पाकिटावर घटकांच्या यादीत शेवटी 'एक्सिपियंट्स क्यू. एस.' असं बारीक अक्षरांत लिहिलेलं कधी पाहिलंय? एक्सिपियंट म्हणजे औषध नसलेले, पण गोळीला आकार, बांधणी, रंग देणारे पदार्थ. 'क्यू. एस.' म्हणजे लॅटिन 'क्वांटम सॅटिस' किंवा 'क्वांटम सफिसिट': लागेल तेवढं. मुख्य औषध मिलिग्रॅमच्या काट्यावर आणि बाकीचं लागेल तेवढं! पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हे निष्काळजीपणाचं वाटलं होतं.

ते तसं नाही. औषधाच्या कृतीत 'पाणी क्यू. एस. १०० मिलिलिटर' असं असेल तर १०० मिलिलिटर पाणी ओतायचं नसतं. इतर घटक घेऊन एकूण द्रव १०० मिलिलिटर होईल इतकंच पाणी घालायचं असतं. पाणी किती लागेल ते आधीच्या घटकांनी किती जागा घेतली यावर ठरतं. विहिरीची खोली इथे काटेकोर ठरलेली आहे, म्हणून दोराची लांबी लिहावी लागत नाही.

युरोपीय संघाच्या खाद्यपदार्थांच्या नियमांतही 'क्वांटम सॅटिस' येतं. खाण्यात मिसळायच्या काही रंग-संरक्षकांसारख्या पदार्थांसाठी कमाल आकडा न देता तिथे एवढंच म्हणतात. पण त्याचा अर्थ 'वाटेल तेवढं' असा होत नाही. अपेक्षित परिणामाला जेवढं लागतं त्याहून जास्त वापरायचं नाही, असा तो नियम आहे. म्हणजे एरवी फक्त खालची रेषा सांगणारा शब्द इथे वरचीही रेषा होतो. आपल्या 'कामापुरता'च्या अगदी जवळ.

आकड्यांतला पुरेसेपणा

ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९२२ च्या एका निबंधात हा शब्द नेमक्या गणिती अर्थाने वापरला. एक नाणं १०० वेळा उडवलं, ५७ वेळा छापा आला. नाणं किती झुकतं माप देतंय याचा अंदाज बांधायचाय. त्यासाठी शंभर निकालांची क्रमवार यादी जपून ठेवायची गरज आहे का? फिशर यांचं उत्तर: नाही. '१०० पैकी ५७' एवढं पुरे. यादीत याहून जास्त जे आहे ते या प्रश्नाच्या कामाचं नाही. असा आकडा म्हणजे सफिशियंट स्टॅटिस्टिक.

पण कुणी विचारलं, 'मधेच नाणं बदललं होतं का?', तर? मग क्रम महत्त्वाचा होतो आणि '५७' अचानक अपुरा पडतो. माहिती तीच, प्रश्न वेगळा.

मग रेषा आखायची कुणी?

इथे आक्षेप येणारच: सगळं 'कशासाठी' यावर अवलंबून असेल तर जो तो आपल्या सोयीची विहीर दाखवेल. हो, दाखवतात. मनुष्यबळवाला अधिकारी तेच करतो. पण शब्दावर बंदी घालून हे थांबत नाही. रेषा उघड बोलून दाखवायला लावली तर निदान भांडण योग्य जागी होतं. दोराच्या लांबीवर वाद घालत बसण्यापेक्षा विहिरीच्या खोलीवर घातलेला बरा.

दुसरा आक्षेप जरा वजनदार आहे: पुरेशावर समाधान मानणं म्हणजे आळस नव्हे का? अमेरिकन विचारवंत हर्बर्ट सायमन यांनी यावर मोठं काम केलं. १९७८ चं अर्थशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं. माणसं सर्वोत्तम पर्याय शोधत नाहीत, चालण्याजोगा पहिला पर्याय सापडला की थांबतात, असं त्यांचं निरीक्षण. १९५६ मध्ये त्यांनी यासाठी 'सॅटिस्फाइस' हे क्रियापद वापरलं, सॅटिसफाय आणि सफाइस यांची मोट बांधून. पुढे सहकारी जेम्स मार्च यांच्यासह दिलेलं त्यांचं उदाहरण असं: गवताच्या गंजीत सुया आहेत. सर्वांत टोकदार सुई हवी असेल तर सगळी गंजी उपसावी लागेल. शिवण्यापुरती टोकदार हवी असेल तर सापडली की शिवायला बसता येतं. शोधण्यातही वेळ आणि श्रम जातात, हे सर्वोत्तमाचा आग्रह धरणारे हिशेबात धरत नाहीत.

मला हे पटतं, पण एका अटीवर. सुई कपडा शिवायला हवी की जखम शिवायला, हे आधी सांगा.

शेवटचा एक घोळ

'सफिशियंट इनफ' असं सर्रास ऐकू येतं. दोन्हींचा अर्थ एकच, त्यामुळे हे 'पुरेसं पुरे' म्हटल्यासारखं होतं. अर्जात किंवा परीक्षेत लिहू नका, दोघांतला एक काढा. बोलताना कुणी म्हणालं तर सोडून द्या, आपणही 'लेडीज बायका' म्हणतोच की.